उजव्या खिळ्यावरचा बिल्ला

आमच्या तलावाच्या फाटकापाशी एक लाकडी फळा आहे. त्यावर प्रत्येक सभासदाच्या नंबरापुढे दोन खिळे आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. नंबराचा एक पितळी बिल्ला असतो. पोहायला जाताना आपला बिल्ला डावीकडून काढून उजवीकडे टांगायचा, बाहेर पडताना पुन्हा डावीकडे. उजवीकडे बिल्ला दिसतो आहे म्हणजे कोणीतरी अजून पाण्यात आहे. ती बाजू पूर्ण रिकामी झाल्याशिवाय वॉचमन फाटकाला कुलूप लावत नाही. तलाव बांधणाऱ्यांतले बरेच जण गिरणीत होते, तिथे हजेरी बिल्ल्यांवर चालायची, तीच पद्धत त्यांनी इथे आणली. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नाही; पण मी सात-आठ वर्षांची असताना गंमत म्हणून बाबांचा बिल्ला हलवला होता आणि सगळ्यांदेखत ओरडा खाल्ला होता. त्यानंतर त्या फळ्याजवळ मी हात मागे बांधून उभी राहायचे.

कोरोनाची पहिली लाट ओसरल्यावर तलाव फक्त सभासदांसाठी उघडला, तेव्हा त्या फळ्यावर मीच एक जुनी चादर टाकली. शंभर माणसं हात लावणार अशी वस्तू उघडी ठेवायची नाही, असा नियम होता. बिल्ल्यांच्या जागी वही आली, आणि वहीत लिहायचं मी एकटीने.

मी तेव्हा घरी बसून होते. पुण्यातली नोकरी तीन ओळींच्या एका ईमेलमध्ये गेली होती. सेक्रेटरी काका बाबांचे मित्र. ते आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बाबांना म्हणाले, "हिला कॉम्प्युटर येतंय, इंग्रजी येतंय, आणि मुख्य म्हणजे ही कुणाशी गप्पा मारत बसत नाही. फाटकावर मला असंच माणूस पाहिजे." बाबा हसले. मला हसू आलं नाही. मी बोलत नाही हे खरं होतं, पण कोणी त्याला गुण म्हणेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी सहा ते दहा माझी वेळ. आठ जणांची एक बॅच, तिला पाऊण तास. मग अर्धा तास फवारणी. तेवढ्या वेळात वॉचमन रेलिंग, पायऱ्या, नळ सगळं औषधाच्या पाण्याने पुसून काढायचा. कपडे बदलायच्या खोल्यांना कुलूप, शॉवर बंद. घरूनच पोहायचे कपडे आत घालून यायचं आणि ओल्या अंगानेच परत जायचं. काठावर बसून चहा प्यायचा नाही, आणि त्या लोकांना पोहण्याइतकाच तो चहा महत्त्वाचा होता. पासष्टच्या पुढच्यांना प्रवेश नाही.

मला मराठीत 'नाही' म्हणता येत नाही. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण शाळा, कॉलेज, नोकरी सगळं इंग्रजीत गेलं. इंग्रजीत 'नॉट अलाउड' म्हटलं की ते मी म्हटलेलं नसतं, नियमाने म्हटलेलं असतं. म्हणून मी तेच म्हणायचे, आणि खाली वहीत बघायचे.

"आल्या कलेक्टरीणबाई," असं म्हणत पहिल्या बॅचचे लोक फाटकातून शिरायचे. "आमच्या बापानं इथली माती डोक्यावर वाहिली, आन् तू आम्हालाच बंदूक दाखवायलीस होय?"

बंदूक म्हणजे ताप मोजायचं यंत्र. त्या महिन्यांत पहाटे गारठा असायचा, लोक गाडीवरून वाऱ्यात यायचे, कपाळं बर्फासारखी झालेली असायची. यंत्र ब्याण्णव दाखवायचं, त्र्याण्णव दाखवायचं.

"ब्याण्णव? ब्याण्णवला माणूस जिवंत असतो का गं?"

"काका, कपाळ गार आहे, म्हणून."

"मग तसं लिहून दे की. बायकोला दाखवतो, मेलेला माणूस रोज पोहून येतो म्हणावं."

मी ब्याण्णव लिहीत होते. तीन दिवसांनी सेक्रेटरी काकांनी वही चाळली आणि कपाळाला हात लावला. "अगं, असं काय लिहितेस? तपासायला कोणी आलं तर आपण शवागार चालवतो असं म्हणेल. सत्त्याण्णव लिही सगळ्यांना." मग मी सत्त्याण्णव लिहायला लागले. कधी सत्त्याण्णव पॉइंट चार, कधी पॉइंट दोन, एकसारखं दिसू नये म्हणून. यंत्र मात्र प्रत्येकाच्या कपाळासमोर धरायचे. न चुकता धरायचे.

तलाव उघडला त्याच सकाळी मास्तर आले होते.

ते शाळेतले मास्तर नव्हेत. पॉवरलूमच्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करायचे, जॉबर होते. पण शहराच्या पूर्व भागातल्या मागवाल्यांच्या आणि आमच्याकडच्याही दोन पिढ्यांना पोहायला त्यांनी शिकवलं, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. मलाही त्यांनीच शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून ते मला पाण्यात सोडायचे आणि काठाकाठाने चालत राहायचे. मी रडत पाणी गिळायचे. "अम्मा, पानी काय तुला खात न्हाय," म्हणायचे. त्यांची घरची भाषा तेलुगू, लहान मुलींना ते अम्मा म्हणत. दर आठवड्याला डबा लहान होत गेला. एका रविवारी पलीकडच्या काठाला हात लावल्यावर मी पाठ चाचपली, तर नुसती दोरी होती.

महामारीच्या वर्षभर आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात आणि डावा पाय गेला. डॉक्टरांनी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला, आणि त्याने पाय थोडा परत आला. मग सगळं बंद झालं. इतके महिने पाणी नाही. मास्तर फाटकात आले तेव्हा काठीवर सगळा भार होता आणि पाय जमिनीवरून ओढत येत होता. दुसऱ्या बाजूने त्यांच्या बायकोने कोपर धरलं होतं. ती बाई मला माहीत होती. मास्तर पाण्यात असले की ती फाटकाबाहेरच्या लिंबाखाली मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. तिला दमा होता, बोलायची कमी. हसली की तंबाखूने पिवळे झालेले हात तोंडावर धरायची.

मी वहीत बघत म्हटलं, "मास्तर, नॉट अलाउड."

"काय अलाउड न्हाय अम्मा? मी का पानी?"

"वय. पासष्टच्या वर..."

"अडुसष्ट हाय. वय माझं हाय, पाय पन माझाच हाय की."

मागची माणसं हसली. मास्तर नाही हसले. थोडा वेळ उभे राहिले आणि रिक्षात बसून परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, नुसतेच फाटकाच्या गजांतून पाणी बघत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी बायको बोलली. पदर तोंडावर घट्ट धरून, माझ्यापासून चांगली दूर उभी राहून. "जमिनीवर चालत न्हाय हा. पान्यात चालतो. अर्धा तास."

अर्धा तास. पहिल्या बॅचनंतर फवारणीचा अर्धा तास पाण्यात कोणीच नसायचं. त्या वेळात मास्तर एकटेच उतरले तर त्यांना कोणाचं काही होणार नाही, कोणाला त्यांचं होणार नाही, असा मी हिशोब केला. वहीत नाव लिहिणार नव्हते, कारण लिहिलं तर नियम मोडल्याचा पुरावा मीच तयार केला असता. सेक्रेटरी काकांना सांगितलं नाही. वॉचमनला म्हटलं, तुम्ही बघितलं नाही असं समजा. ते मोडनिंबचे, माझ्या आजोबांच्या वयाचे. म्हणाले, "मी तर कायच बगत न्हाय, बाई. चष्माच न्हाय मला."

मास्तर आत आले आणि आधी फळ्याकडे गेले. काठी भिंतीला टेकवली, उजव्या हाताने चादर उचलली आणि एक्केचाळीस नंबरचा बिल्ला डावीकडून उजवीकडे टांगला.

"मास्तर, ते बंद आहे आता."

"वहीत नगो लिहूस. पन बिल्ला लावल्याबिगर मी पान्यात उतरत न्हाय. बुडालो तर कुनाला कळनार?"

मी त्यांच्या हातावर सॅनिटायझर ओतलं. रोज हेच चाललं. उजवा बिल्ला, सॅनिटायझर, पाणी, सॅनिटायझर, डावा बिल्ला.

अडचण बाहेर निघताना आली. पाण्यात ते छातीइतक्या खोलीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे, पण पायऱ्या चढायला डावा हात रेलिंग धरत नव्हता. मी हात दिला तर दोघंही पडलो असतो. वॉचमन मागे सरले. "घरी म्हातारी हाय माजी. मी हात न्हाय लावनार." मास्तर कमरेइतक्या पाण्यात उभे, थंडीने ओठ काळे झालेले. फाटकाबाहेर गाडी सुरू करत असलेले पहिल्या बॅचमधले एक सभासद ते बघून आत धावत आले. त्यांच्याकडे बुलेट होती, म्हणून सगळे त्यांना बुलेटवाले म्हणायचे. धिप्पाड, मोठ्याने हसणारे. त्यांनाही लहानपणी मास्तरांनीच डबा बांधला होता. त्यांनी मास्तरांच्या दोन्ही काखेत हात घालून त्यांना सरळ उचलून वर घेतलं. "चला मास्तर, क्रेन आली."

त्यानंतर ते रोज थांबायचे. बॅच संपली की लिंबाखाली गाडीवर बसायचे, अर्ध्या तासाने आत येऊन मास्तरांना उचलायचे, टॉवेलने पाठ पुसून द्यायचे. दोघांच्याही तोंडाला तेव्हा मास्क नसायचा, एक ओला आणि एक उचलणारा. मी ते बघत होते. मला वाटायचं, दोन मिनिटांचं तर काम आहे.

जानेवारी संपताना मास्तर फाटकापासून लिंबापर्यंत काठीशिवाय चालले. बायको सूप बाजूला ठेवून उठली आणि तेलुगूत काहीतरी बोलली. काय म्हणाल्या, मी विचारलं. मास्तर म्हणाले, "म्हनती, आता घरचं पानी तू भर."

महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी गारठा पुन्हा आला होता. पहिल्या बॅचच्या सगळ्यांची कपाळं यंत्राने त्र्याण्णवच्या आसपास दाखवली. बुलेटवाले शेवटी आले, त्याच वाऱ्यातून, गाडीवरूनच. यंत्राने सत्त्याण्णव दाखवलं.

मला बरं वाटलं होतं. काकांनी सत्त्याण्णव लिहायला सांगितल्यापासून पहिल्यांदाच मी खरा आकडा लिहीत होते. मी त्यांना म्हटलंही, "काका, तुमचं एकट्याचंच बरोबर आलं." ते म्हणाले, "मग? आमचं इंजिनच गरम असतंय." सगळे हसले. बाकीच्यांचं त्र्याण्णव असताना त्या वाऱ्यातून आलेल्या माणसाच्या कपाळाचं सत्त्याण्णव म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. साधी वजाबाकी होती; गारठ्यातही इतरांपेक्षा चार अंश जास्त म्हणजे ताप.

त्यांनी त्या दिवशीही मास्तरांना उचललं. निघायची घाई होती. अंग दुखतंय म्हणाले, मास्तरांना धरून सरळ रिक्षापर्यंत नेलं.

रविवारी तलाव बंद असतो. संध्याकाळी सेक्रेटरी काकांचा फोन आला. बुलेटवाले पॉझिटिव्ह. "शनिवारच्या पहिल्या बॅचची नावं वाच." मी वाचली, आठ. "आणखी कोणी होतं का आत?"

मी म्हटलं, "नाही."

विचार करून म्हटलं नाही. तोंडातून गेलं. मराठीत, अगदी सहज.

अर्ध्या तासाने बुलेटवाल्यांचाच फोन आला. आवाज बसला होता, खोकत होते. "मास्तरांना कळवलंस ना गं? त्यांना म्हणावं, वेगळ्या खोलीत नायतर गच्चीवर झोपा. काकूंना दमा हाय."

"हो," मी म्हटलं.

"सांगितलंस ना?"

"हो काका."

मास्तरांच्या सभासदत्वाच्या फॉर्मवर ज्या कारखान्याचा फोन नंबर होता तो कारखाना केव्हाच बंद पडला होता. ते तलावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हते. कोणाला तरी सांगून निरोप पाठवायचा तर ते आत कसे आले हे सांगावं लागलं असतं. उद्या स्वतः जाईन, असं मी ठरवलं. सोमवारी सकाळी सेक्रेटरी काकांनी सांगितलं, फाटकावर तू होतीस, तुझी टेस्ट होईपर्यंत घराबाहेर पडू नकोस. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. नियमच होता. मी नियमाने घरी बसले.

दुपारी वॉचमनना फोन केला तेव्हा कळलं, मास्तर आणि त्यांची बायको सकाळी नेहमीच्या वेळेला येऊन गेले होते.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"साहेबांनी सांगितलंय तेच. तलाव बंद हाय, पंप बिगडलाय म्हनलं. बोभाटा करू नगा म्हनले हुते."

"मास्तरांना पण?"

"तुमीच म्हनला हुता की, मी त्यांना बगितलंच न्हाय म्हनून."

गुरुवारी माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आईने मिठाने दृष्ट काढली. त्याही दिवशी मी गेले नाही, कारण बाबा म्हणाले, एक दिवस थांब. शुक्रवारी सकाळी गेले.

पूर्व भागातल्या त्या गल्लीत मागांचा आवाज नेहमी इतका असतो की शेजारचा माणूस ओरडून बोलतो. त्या दिवशी अर्धे माग बंद होते. मास्तरांच्या दाराला बाहेरून कडी होती. उंबऱ्यापाशी सूप उलटं ठेवलेलं. समोरच्या घरातली बाई दारातूनच म्हणाली, "पहाटे नेलं की तिला. लई धाप लागली होती. त्याला बी टेस्टला नेलंय." मग माझ्याकडे नीट बघून, "तू कोन गं?"

"तलावावरून आले."

"मग आता कशाला?" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आठवड्याभराने ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, मास्तरांच्या सौभाग्यवतींचं निधन झालं. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. बुलेटवाल्यांनीही दवाखान्यातून टाकलं. मीही टाकलं.

मग दुसरी लाट आली आणि तलाव पुन्हा बंद झाला. त्या काळात कोणाचं दुःख वेगळं काढून बघायला कोणाला फुरसत नव्हती, आणि मी त्याचा आडोसा घेतला. संसर्ग कुठून आला हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. ते खरंही आहे. पण हे वाक्य मला जेव्हा हवं असायचं तेव्हाच आठवायचं.

दिवाळीनंतर तलाव उघडला. आता वयाचा नियम नव्हता, दोन डोस झाल्याचा कागद पुरेसा होता. उघडायच्या दिवशी कमिटीची माणसं जमली. वॉचमननी फळ्यावरची चादर ओढली, धूळ उडाली. सगळे बिल्ले डावीकडे होते. एक उजवीकडे होता.

"अरे, हा कोण पाण्यात राहिलाय?" सेक्रेटरी काका म्हणाले. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "आठ महिने! बघा बघा, तळाशी बघा."

त्या शेवटच्या शनिवारी बुलेटवाल्यांनी मास्तरांना घाईने थेट रिक्षात नेलं होतं. बिल्ला परत टांगायचा राहिला होता.

एक्केचाळीस कोणाचा हे जुन्या लोकांना पाठ होतं. हसणं थांबलं. सेक्रेटरी काकांनी माझ्याकडे बघितलं, मग वॉचमनकडे, आणि म्हणाले, "लॉकडाउनच्या आधीचाच असेल. चला, नारळ फोडा." बिल्ल्याला हात कोणीच लावला नाही. मीसुद्धा काही बोलले नाही.

चार दिवसांनी मास्तर आले. पहिली बॅच पाण्यात होती. रिक्षावाल्याने धरून त्यांना उतरवलं आणि लिंबाखालच्या दगडावर बसवलं, बायको बसायची तिथे. पाय पहिल्यापेक्षा वाईट झाला होता. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर धरला.

"घे बघून. दोन्ही झालेत. आता अलाउड हाय का?"

मी हो म्हटलं. पाणी आणून दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, पेला हातात धरून बसले.

"काकूंचं कळलं," मी म्हटलं.

"तिनंच आनलं," मास्तर म्हणाले. "शनिवारी विड्या द्यायला कारखान्यात जायची. मी म्हनलं, एवढे दिवस नगो जाऊ. ऐकली न्हाय. धाप लागली तवा मी लई बोललो तिला. तूच आनलीस घरात, म्हनलं. बाहेर तुझ्याशिवाय कोन जातंय, म्हनलं. मी तर फक्त हितं येतो, एकटाच असतो पान्यात. उत्तर द्यायला तिला श्वास नव्हता, अम्मा. गाडीत बसवली तवा माझ्याकडं बघितली पन न्हाय. रोज रात्री पायाला तेल लावून द्यायची."

आत कोणीतरी उडी मारली, पाण्याचा आवाज आला.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. इंग्रजीतला एकही शब्द मला सुचला नाही. "मास्तर, काकूंनी नाही आणलं," मी म्हटलं. "ज्यांनी तुम्हाला उचललं त्यांना ताप होता. त्या शनिवारी. यंत्राने दाखवला होता, मला कळलं नाही."

त्यांनी हातातला पेला मांडीवर टेकवला.

"ते पॉझिटिव्ह आले. तुम्हाला सांग म्हणाले होते. वेगळं झोपायला सांग, काकूंना दमा आहे, असंही म्हणाले होते. मी सांगितलं म्हटलं त्यांना. सांगितलं नव्हतं."

"तुला कवा कळलं?"

"रविवारी. संध्याकाळी."

"आन् सोमवारी आमी आलो होतो की हितं. ती पन होती."

"हो."

"पंप बिगडला म्हनला ह्यो."

"हो."

वॉचमन फाटकापाशी पाठ करून उभे होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यासाठी मी तयार होते. कदाचित मला तेच हवं होतं. मास्तर पेला दगडावर ठेवून काठी शोधायला लागले. मी उचलून द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो हात बाजूला केला आणि स्वतःच उठले. त्याला वेळ लागला. मग पाय ओढत फळ्यापाशी गेले.

उजव्या खिळ्यावर आपला बिल्ला बघून त्यांनी विचारलं, "तवापासनं असाच हाय?"

"हो."

"वही हाय का तवाची?"

ती ऑफिसच्या कपाटात होती. मी आणली आणि शनिवारचं पान काढलं. पहिली बॅच, आठ नावं, आठही जणांपुढे सत्त्याण्णव. कुठे पॉइंट दोन, कुठे पॉइंट चार. मास्तरांना इतकं बारीक वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी त्या पानावर बोट फिरवलं.

"लिही माझं नाव."

मी आठव्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं. नंबर एक्केचाळीस. आत गेल्याची वेळ लिहिली, बाहेर पडल्याची लिहिली. पुढचा रकाना तापमानाचा होता. तिथे माझा पेन थांबला.

"माझ्याकडं ती बंदूक कधी धरलीच न्हाईस तू," मास्तर म्हणाले.

"नाही."

"ऱ्हाऊ दे मग मोकळं. तिचं पन लिही खाली. ती रोज येत होती. फाटकाबाहेर का हुईना."

"नंबर?"

"तिला कुठला नंबर? नुसतं नाव लिही."

त्यांनी नाव सांगितलं. इतकी वर्षं तिला बघत आले होते आणि ते मला तेव्हा कळलं. मी लिहिलं. मास्तरांनी बिल्ला उजवीकडून काढला, सवयीने लुंगीला पुसला आणि डावीकडे टांगला. दुसरी बॅच फाटकात जमायला लागली होती. ती माणसं त्यांना वाट द्यायला बाजूला झाली. कोणीतरी "या मास्तर, उतरा की," म्हणालं. ते रिक्षाकडे गेले.

मी वही घेऊन त्याच दिवशी सेक्रेटरी काकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते पान बघितलं, चष्मा काढला. म्हणाले, "आता कशाला हे? जे व्हायचं ते होऊन गेलं." वही कपाटात परत ठेवायला सांगितली. बुलेटवाल्यांना मीच फोन केला. ते म्हणाले, "मी जाऊन येतो त्यांच्याकडं." ते गेले, अजूनही जातात असं ऐकते. मला त्यांनी परत कधी काही विचारलं नाही. फाटकातून जाताना मान हलवतात.

मी अजून तिथेच आहे, आता ऑफिसचं कामही बघते. मास्तर पुन्हा आले नाहीत. त्यांचा पाय आता पूर्ण गेला आहे, असं वॉचमन सांगत होते. मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले.

दहा वाजता शेवटचा माणूस बाहेर पडला की मी फळ्याची उजवी बाजू वरपासून खालपर्यंत बघते आणि मग वॉचमनना कुलूप लावायला सांगते. एक्केचाळीसचा बिल्ला डावीकडे आहे. पितळ काळं पडत चाललं आहे. बाकीचे रोज हाताळले जातात म्हणून चमकतात.